हाक न मारणाऱ्या कोवेबाई

परवा शाळा सुटल्यावर एक पालक माझ्यासाठी थांबले होते. त्यांच्या मुलाला टेरियर जातीचं पिल्लू हवं होतं. चंद्रपुरात कोणीतरी देत होतं आणि मोबाइलवर फोटोही आला होता. तो फोटो माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या घरी होतं म्हणते असंच एक. आणाव का नाई, तुम्ही सांगा."

पिल्लू पांढरं होतं, एका कानावर तपकिरी डाग आणि तोंडाला चिमूटभर दाढी. मी फोटो पाहिला आणि घाबरलो. मुळात मी भित्रा माणूस आहे. वर्गात साप निघाला तर मुलं आधी मला बाहेर काढतात आणि मग सापाकडे बघतात. पण ही भीती तसली हसण्यावारी न्यायची नव्हती. उद्या सांगतो असं म्हणून मी वेळ मारून नेली. खरं तर हे सांगायचं काम कोवेबाईंचं होतं, आणि त्या आता इथे नाहीत.

कोवेबाई आमच्या गावच्या ढोरांच्या दवाखान्यात परिचर होत्या. गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत. तीन बाजूंनी जंगल आणि चौथीकडे तलाव. डॉक्टरांकडे आणखी दोन दवाखान्यांचा भार असल्यामुळे ते आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस गाव कोवेबाईंच्या भरवशावर. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पन्नाशी उलटलेल्या. साडीवर पुरुषी सदरा, पायात रबरी बूट, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि उन्हाळा असो की हिवाळा, काखेत छत्री. जनावरांशी त्या गोंडीत बोलायच्या, माणसांशी मराठीत आणि तपासणीला आलेल्या साहेबांशी अजिबात बोलायच्या नाहीत. उधळलेला बैल त्यांनी कानाशी चार शब्द पुटपुटून उभा केलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. ते शब्द काय होते, असं मी विचारलं तर म्हणाल्या, तुझ्या मालकापेक्षा मी जास्त वैतागलेली आहे, असं सांगितलं त्याले.

त्यांच्या काही सवयी गावाला पाठ होत्या. त्या कुठेही बसल्या तरी पाठ भिंतीला लावून बसायच्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांसाठी मांडलेली खुर्ची त्यांनी स्वतः उचलून खांबाला टेकवली आणि मग बसल्या. दिवे लागायच्या आधी आमच्या गल्लीतून एक फेरी मारायच्या आणि दारादाराशी थांबून पोरं आत आहेत का, विचारायच्या. एखादं पोर ओट्यावर दिसलं तर छत्रीच्या टोकानं घरात ढकलायच्या. आयांना ते आवडत नसे, पण कोणी बोलत नसे. बोललं तर उद्या गाय अडल्यावर कोणाकडे जाणार?

आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे कुत्र्याला नाव ठेवलेलं त्यांना खपायचं नाही. लसीच्या वहीत बैलांची नावं असायची, शेळ्यांची असायची, कुत्र्यापुढे नुसतं 'कुत्रं, एक'. कोणी टायगर, कोणी मोती असं हौसेनं सांगायला गेलं की त्या वही मिटून ठेवायच्या. लोक म्हणायचे, बाईचं डोकं थोडं सरकलेलं आहे. मीही म्हणायचो.

गावात नवं कुत्रं येणार असं कळलं की त्या आधी घर बघायला जायच्या. मुलीचं स्थळ बघायला जातात त्या थाटात, फक्त चहा न घेता. घराच्या मागे फिरायच्या, कुंपणाखाली छत्रीचं टोक घालून फट मोजायच्या, कोंबड्या कुठे कोंडता ते विचारायच्या, आणि दुपारी चार ते सहा घरात कोण असतं हे दोनदोनदा विचारायच्या. गावठी पिल्लू असेल तर तेवढ्यावर भागायचं. पण कोणी शहरातून जातवान कुत्रं आणणार म्हटलं की त्यांची एक अट असायची. आठ दिवस रिकामी दोरी फिरवायची.

ती अट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. तेंदूपत्त्याचा एक ठेकेदार गावात राहायचा. त्याला बंगल्यासाठी छोटं, चपळ, उंदीर मारणारं कुत्रं हवं होतं. कोवेबाईंनी त्याला सांगितलं, आधी आठ दिवस सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास हातात रिकामी दोरी घेऊन फिरा. दोन वेळा वाडग्यात पाणी भरा आणि फेका. पायातला एक जोडा रोज आपल्या हातानं फाडा, बागेत रोज एक खड्डा करा आणि कोणावरही ओरडू नका. आठव्या दिवशीही फिरत असाल तर आणा. दोरी फिरवणं एवढंच ठेकेदारानं मनावर घेतलं. दोन दिवस तो फिरलाही. मागे निम्मी शाळा, माझ्याच वर्गातली मुलं पुढे, आणि सगळी त्या नसलेल्या कुत्र्याला 'यू यू' करत होती. तिसऱ्या दिवशी त्यानं दोरी विहिरीच्या बादलीला बांधली. कोवेबाई म्हणाल्या, बरं झालं, तिसऱ्या दिवशी कंटाळला. कुत्रं आणून तिसऱ्या दिवशी कंटाळला असता तर त्यानं ते अंगणात बांधून ठेवलं असतं. आणि आमच्या बिबट्याच्या मुलखात अंगणात बांधलेल्या कुत्र्याचं काय होतं, ते सांगायला नको.

हे सगळं माहीत असून मी बुंदीला आणलं. वरोऱ्याला माझ्या मेहुण्याच्या शेजारी टेरियर कुत्री व्याली होती. माझी मुलगी मिनू तेव्हा सात वर्षांची होती. तिनं त्यातल्या एका पिल्लाला छातीशी धरलं आणि मग ते खाली ठेवलंच नाही. माझी बायको वर्षा म्हणाली, विचार करा, आपलं घर गावाच्या टोकाला आहे. मेहुणा म्हणाला, अहो दाजी, एवढंसं तर आहे, पिशवीत मावते. मी विचार केला तो एवढाच, की बसमध्ये कंडक्टर हरकत घेईल का. त्यानं घेतली नाही. बस मूलला पोचेपर्यंत मिनूनं पिल्लाचं नावही ठेवून टाकलं होतं.

कोवेबाईंपासून मी ते अकरा दिवस लपवलं. गावात पाळीव कुत्रं लपवणं हा मूर्खपणा मीच करू जाणे. बाराव्या दिवशी त्या स्वतः आल्या. पिल्लू त्यांच्या बुटांवर चढलं, फीत ओढली, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि कुरवाळलं नाही. मग जबडा उघडून दात बघितले, पोट चाचपलं आणि विचारलं की आईपासून कितव्या आठवड्यात तोडलं. मला ते माहीतच नव्हतं. लस? तेही माहीत नव्हतं. घरामागे फिरून आल्या. आमच्या मागच्या दारापासून थोडं अंगण, मग तारेचं कुंपण, पलीकडे नाला आणि नाल्याच्या दोन्ही काठांना माणूसभर उंच घाणेरीचं रान. तिकडे त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. परत आल्या, भिंतीला पाठ लावून ओट्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "गुरुजी, गावचं कुत्रं भेते. वास आला का शेपूट घालून चुलीपाशी येते, मंग आपल्यालेबी समजते का आज बाहेर काही आहे. ह्या कुत्र्याले भेवच नाई. हे बिळात शिरणारं, मांगं न सरणारं कुत्रं आहे. ज्याले भेव नाई त्याच्या वाट्याचं भेव घरच्यायले करा लागते. तुमच्याच्यानं होते का?"

माझ्यानं भीती होते का! आयुष्यात दुसरं काही नीट जमलेलं नाही. मी हो म्हणालो. कोवेबाई हसल्या नाहीत. पिल्लू परत द्या, असं त्यांनी त्या दिवशी स्पष्ट सांगितलं आणि मिनूनं रडून घर डोक्यावर घेतलं. मग पिल्लू राहिलं. त्यांनी कुंपणाखाली दगड बसवून घेतले, दारांना आतून कडी लावून घेतली, लसी टोचल्या, गोचीड काढायला वर्षाला शिकवलं आणि दिवस मावळायच्या तासभर आधी कुत्रं आणि पोरगी दोघंही घरात, असा नियम घातला. वहीत लिहिलं, 'कुत्रं, एक.' मिनू म्हणाली, तिचं नाव बुंदी आहे. कोवेबाई म्हणाल्या, असू दे तुझ्यापाशी.

बुंदी वाढू लागली तशी कोवेबाईंची एकेक गोष्ट खरी होऊ लागली. बुंदीनं माझे जोडे खाल्ले, वर्गातल्या उत्तरपत्रिका खाल्ल्या, वर्षाची वांग्याची रोपं मुळासकट उकरून काढली. उंदीर मात्र घरात राहिला नाही. दोन तास पळवली तरी तिसऱ्या तासाला दोरी तोंडात घेऊन दारात उभी. आणि एकदा का नाकाला काही लागलं, की तिच्या लेखी आम्ही कोणी नव्हतो. ताठ व्हायची, एक पाय वर, दाढी थरथरायची, आणि तीरासारखी सुटायची. मिनूनं तिला एक मात्र छान शिकवलं होतं. 'बुंदीऽऽ' अशी लांब हाक मारली की असेल तिथून फिरायची आणि धावत येऊन मिनूच्या पायांशी बसायची. मला त्याचं भारी कौतुक होतं. एका दुपारी कोवेबाई आल्या तेव्हा मी ते मोठ्या अभिमानानं करून दाखवलं. मिनूनं हाक मारली, बुंदी नाल्याच्या बाजूला कुंपणाशी होती ती वळून धावत आली. कोवेबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मिनूला पाणी आणायला आत पाठवलं आणि मला ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी गावात कोणाला सांगितली नव्हती.

त्यांचं माहेर अहेरीकडचं, लग्नही त्याच भागातलं. लग्नानंतर तीनचार वर्षांनी जंगल खात्याच्या लाकूड डेपोतल्या एका बाबूची बदली झाली आणि तो आपलं कुत्रं यांच्याकडे सोडून गेला. असंच होतं, दाढीचं. कोवेबाईंनी त्याला हौसेनं वाढवलं, नाव ठेवलं, हाकेला येणं शिकवलं. मोहफुलांचे दिवस होते. पहाट फुटल्यावर घरच्या बाया टोपल्या घेऊन झाडाखाली फुलं वेचायला जात. मोहफुलं अस्वलालाही आवडतात हे तिकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं, म्हणून बाया आधी बोलत, खाकरत, काठ्या आपटत जात. अस्वल असलं तर निघून जातं. त्या दिवशीही गेलंच असतं. पण कुत्रं झुडपात शिरलं आणि भुंकू लागलं, मागे सरेना. नणंद जवळच खाली बसून वेचत होती, तिची पाठ झुडपाकडे होती.

"मी हाक मारली, गुरुजी," कोवेबाई म्हणाल्या. "कुत्रं मरंल म्हणून मले भेव वाटलं न. ते शहाणं होतं, आलं धावत. त्याच्या मांगं अस्वल आलं. कुत्रं माह्या पायापाशी येऊन बसलं, आणि मधात नणंद होती."

नणंद जगली. एक डोळा आणि गालाचा बराचसा भाग गेला. पुढे जितकी वर्षं जगली तितकी पदराआड जगली आणि वहिनीला कधी रागाचा एक शब्द बोलली नाही, हेच कोवेबाईंना सहन झालं नाही. कुत्र्याला साधा ओरखडाही नव्हता.  त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मी मिनूला सांगितलं की बुंदीला हाक मारायची नाही. सात वर्षांच्या मुलीला असं सांगून ती ऐकते, असं ज्यांना वाटतं त्यांना मुलं नसावीत.

हिवाळ्यात बिबट्याची बातमी आली. तलावाकडच्या वस्तीतून तीन कुत्री गेली, मग मंदिरामागची दोन गेली. वनरक्षक येऊन सांगून गेला की सावध राहा. गावातली उरलेली कुत्री दुपारपासूनच घराघरांत शिरून बसू लागली. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात तर एवढी गर्दी झाली की मी त्यांची हजेरी घ्यावी. फक्त बुंदी मागच्या दाराशी नाक लावून उभी असायची आणि फटीतून हवा ओढायची. चार दिवस तिचं असंच चाललं होतं. मी वर्षाला म्हणालो की आता हिला वरोऱ्याला पोचवून येऊ. रविवारी जायचं ठरलं. मिनूला सांगायचं धैर्य आम्हा दोघांनाही झालं नाही.

ती शनिवारची संध्याकाळ. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. कोवेबाई गल्लीतली फेरी संपवून आमच्याकडे टेकल्या होत्या. वर्षा पुढच्या खोलीत होती. मी मागच्या दारातून सरपण आत घेत होतो आणि दार माझ्या दोन्ही हातांतल्या ओझ्यामुळे उघडं राहिलं. एवढंच झालं, माझी चूक एवढीच. बुंदी माझ्या पायांमधून बाहेर गेली. अंगणाच्या मध्यावर ताठ झाली, एक पाय वर. मग दगडाखाली उकरलेल्या एका फटीतून कुंपणाबाहेर आणि नाल्यातल्या घाणेरीत. ती फट तिनं कधी केली होती देव जाणे. तिच्या मागे मिनू पायरी उतरून अंगणात पोचली होती आणि तिनं हाक मारायला तोंड उघडलं.

कोवेबाई एवढ्या चपळ असतील असं मला वाटलं नव्हतं. त्या मला ढकलून गेल्या, मिनूला मागून कवेत घेतलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला. मिनू लाथा झाडत होती. कोवेबाई तिला उचलून मागे मागे सरत येत होत्या, नजर घाणेरीवर. बुंदीचं भुंकणं ऐकू येत होतं, एका जागी, चिडून, मागे न सरता. माझ्या जिभेवर तिचं नाव आलं होतं. आलंच होतं. कोवेबाईंनी माझ्याकडे न बघता हलक्या आवाजात सांगितलं, "हाक नोका मारू, गुरुजी. दार लावा."

मी दार लावलं. त्या दाराच्या आत आम्ही उभे होतो, मी, कोवेबाई आणि त्यांच्या कवेत मिनू. बाहेर भुंकणं चालूच होतं. मिनूनं कोवेबाईंच्या तळहाताचा चावा घेतला, रक्त तिच्या हनुवटीवरून ओघळलं, तरी तो हात सुटला नाही. एक हाक मारली असती तर बुंदी आली असती. मला ते माहीत होतं, मिनूला माहीत होतं, आणि कोवेबाईंना तर आमच्याहून जास्त माहीत होतं. आम्ही तिला बोलावलं नाही. मग भुंकणं मधेच थांबलं, आणि त्यानंतर नाल्याकडून कसलाच आवाज आला नाही. माझ्या आयुष्यात मी एवढा कधी घाबरलो नव्हतो, आणि एवढी लाजही कधी वाटली नव्हती. कोवेबाईंनी मिनूच्या तोंडावरचा हात काढला. तिनं कोवेबाईंकडे पाहिलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

सकाळी वनरक्षक आला. बुंदी सापडली नाही. बिबट्याच्या पावलांचे ठसे मात्र कुंपणाच्या अलीकडे होते, अंगणात, आमच्या तुळशीपर्यंत आलेले आणि तिथून परत फिरलेले. दार लागल्यानंतर तो आला होता. वनरक्षक म्हणाला की दुपारपासूनच नाल्यात बसून असेल, चार दिवस कुत्र्याच्या वासावर असेल. मिनू जिथे उभी राहून हाक मारणार होती तिथून तुळशीपर्यंतचं अंतर मी पावलांनी मोजलं. चार पावलं. मी ते पुन्हा मोजलं. वर्षानं मला हाताला धरून घरात नेलं.

मिनू कोवेबाईंशी त्यानंतर बोलली नाही. त्या गल्लीत आल्या की ती आत निघून जायची. कोवेबाईंनी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. हाताला पट्टी बांधून त्या पूर्वीसारख्याच संध्याकाळची फेरी मारत राहिल्या, आणि आमच्या दाराशी थांबून वर्षाला एवढंच विचारत राहिल्या, पोरगी आत आहे का. आम्ही मिनूला अस्वलाची गोष्ट सांगितली, ठसे सांगितले, चार पावलं सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बुंदी आली असती.

पुढच्या वर्षी कोवेबाई निवृत्त झाल्या आणि भावाकडे अहेरीला जायला निघाल्या. त्यांचं सामान म्हणजे एक पेटी आणि एक गाठोडं. मी चंद्रपूरपर्यंत सोडायला गेलो. मिनूला चल म्हटलं होतं. तिनं चपला घातल्या, पुन्हा काढल्या आणि आली नाही. स्टँडवर ऑटोवाले ओरडत होते, अहेरीची गाडी लागली होती. मी पेटी वर चढवली, कोवेबाईंना खिडकीजवळ जागा मिळाली. खिडकीखाली उभं राहून मी जे वर्षभर बोलायचं राहिलं होतं ते बोलू लागलो. म्हणालो, बाई, पोरीचं मनावर घेऊ नका, तिचा राग अजून गेला नाही, मोठी झाली की तिला कळेल.

कोवेबाईंनी गजावर हात ठेवला. तळव्यावर दातांचे वण होते. त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी त्यांना तसं हसताना पाहिलं ते तेवढंच.

"राहू द्या न, गुरुजी," त्या म्हणाल्या. "राग कराले पोरगी घरी आहे न."